सोनोग्राफी शिकून गावात सेंटर टाकायचं म्हणताय? आधी हे वाचा



मागच्या आठवड्यात दुधनीहून एका मुलाचा फोन आला. बी.एस्सी. झालेला, वडील आडत दुकानात दिवाणजी. सरळ मुद्द्यावर आला. "सर, सहा महिन्यांचा सोनोग्राफी टेक्निशियनचा कोर्स आहे. फी पंचाऐंशी हजार. कोर्स झाला की दुधनीत सेंटर टाकतो. स्टेशनकडे गाळा बघून ठेवलाय. मशीनला लोन मिळतंय म्हणतात. टाकू का?"

मी विचारलं, "स्कॅन कोण करणार?"

"मीच की सर. म्हणून तर कोर्स करतोय."

हा लेख त्या "मीच की" साठी आहे. कारण असे फोन मला फक्त दुधनीतून येत नाहीत. तालुक्याच्या गावातून, मोठ्या बाजाराच्या गावातून, जिथे जिथे हॉस्पिटलला जायला गाडी धरावी लागते तिथून येतात. कष्टाने साठवलेले लाखभर रुपये आणि आयुष्याचं एक वर्ष चुकीच्या जागी जायच्या आधी कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं, म्हणून सांगतोय.

आधी एक कबूल करतो. या मुलाचं बाजाराचं वाचन अजिबात चुकलेलं नाही. दुधनी म्हणजे अक्कलकोट तालुक्यातलं, सोलापूर–वाडी रेल्वे लाईनवरचं, कर्नाटकाला चिकटलेलं गाव. बाजारपेठ मोठी, तूर घेऊन येणारा शेतकरी दोन्ही राज्यांतला. घरात कन्नड, ऑफिसात मराठी. आता अशा गावात एखाद्या बाईला डॉक्टरनं सोनोग्राफी लिहून दिली, किंवा एखाद्याच्या पोटात मुतखड्याची कळ आली, तर तो जातो कुठे? सोलापूर, नाहीतर गुलबर्गा, म्हणजे आताचं कलबुर्गी. तपासणी पंधरा मिनिटांची असते आणि त्यासाठी पूर्ण दिवस जातो. सोबतीला एक माणूस लागतो, त्याचाही रोज बुडतो. जिथे लोकांचा दिवस वाया जातो तिथे धंद्याला जागा असते, हे मीच तुम्हाला कितीदा सांगितलंय. म्हणजे त्याने गरज बरोबर ओळखली. चुकलं ते हे की ती गरज भागवायचा अधिकार कायद्याने कुणाला दिलाय, हे त्याने बघितलंच नाही.

आणि त्याचा तरी काय दोष? त्याने यूट्यूबवर बघितलेले व्हिडिओ अमेरिकेतले. तिथे सोनोग्राफर हा वेगळा, मानाचा पेशा आहे. मुलं-मुली दोन-चार वर्षं शिकतात, परीक्षा देऊन नोंदणी घेतात, पेशंटच्या अंगावर प्रोब स्वतः फिरवतात, चित्रं काढतात आणि मग डॉक्टर ती बघून रिपोर्ट लिहितो. इंग्लंडमध्येही सोनोग्राफर स्वतः प्रोब फिरवतात. तिथलं बघून इथे कोर्सची जाहिरात केली जाते, "सोनोग्राफर बना" म्हणून. नकाशा तिकडचा आणि प्रवास इकडे, अशी गत होते.

आपल्याकडे काय आहे ते बघा. गर्भधारणापूर्व आणि प्रसवपूर्व निदान तंत्र कायदा, बोलीभाषेत पीसीपीएनडीटी. मूळ कायदा १९९४ चा, लागू झाला १९९६ पासून, आणि २००३ मध्ये दुरुस्ती होऊन कडक झाला. या कायद्याखाली सोनोग्राफी मशीन कोण चालवू शकतं? रेडिओलॉजीची पदव्युत्तर पदवी असलेला डॉक्टर, स्त्रीरोगतज्ज्ञ, किंवा ठरवून दिलेलं सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेला एमबीबीएस डॉक्टर. यादी संपली. टेक्निशियन पेशंटला झोपवेल, जेल लावेल, नावं भरेल, डॉक्टरला मदत करेल. प्रोब धरून निदान करणार नाही.

इथेच ती "सहा महिने" वाली गल्लत होते. २०१४ साली केंद्राने सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाचे नियम काढले, ते एमबीबीएस डॉक्टरांसाठी. मान्यताप्राप्त संस्थेत शिकायचं आणि शेवटी परीक्षा द्यायची. बाजारातला सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स आणि हे प्रशिक्षण यांच्यात महिन्यांचा आकडा सोडला तर काहीही सारखं नाही. पण काउन्सेलर फोनवर म्हणतो, "सरकारी नियमानुसार सहा महिनेच लागतात सर." ऐकणाऱ्याला वाटतं आपलंच सांगतोय.

दुसरी पळवाट लगेच सुचते, तीही सांगून टाकतो. "गावातले बीएएमएस डॉक्टर आहेत ना, त्यांना पार्टनर घेतो." पार्टनर घ्या हो, पण त्यांनाही मशीन चालवता येणार नाही. या कायद्यात नोंदणीकृत डॉक्टर म्हणजे ॲलोपॅथीच्या मान्य पदवीचा आणि राज्य वैद्यक परिषदेच्या यादीत नाव असलेला.

तिसरी पळवाट : "मी गरोदर बायकांचं करतच नाही, फक्त मुतखडा आणि पित्ताशयाचे खडे." नाही चालत. ज्या मशीनने गर्भाचं लिंग कळू शकतं ते प्रत्येक मशीन या कायद्याखाली येतं, तुम्ही त्यावर काय बघता हा पुढचा प्रश्न.

आणि चौथी, दुधनीसारख्या गावासाठी सगळ्यात मोहाची : छोटं पोर्टेबल मशीन घ्यायचं, गाडीत टाकायचं आणि गावोगाव बाजाराच्या दिवशी फिरायचं. धंदा म्हणून कल्पना झकास आहे. २०१२ च्या दुरुस्तीने तिला दार लावलं. पोर्टेबल मशीन नोंदलेल्या जागेच्या आत, दाखल पेशंटसाठी वापरायचं, किंवा इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या नोंदणीकृत फिरत्या दवाखान्यात. नुसती सोनोग्राफीची गाडी फिरवता येत नाही.

एवढं कडक का?

आता तुम्ही म्हणाल, सर, जग कुठे चाललंय आणि आपण एका मशीनला एवढं घाबरतो? मलाही पूर्वी तसंच वाटायचं. मग आकडे बघितले.

२००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या. २०११ मध्ये ८९४. सुबत्ता वाढली, रस्ते झाले, घरोघरी मोबाईल आले, आणि मुली कमी झाल्या. लक्षात घ्या, देशात या विषयावर पहिला कायदा करणारं राज्य महाराष्ट्रच. १९८८ मध्ये केला, केंद्राच्या सहा वर्षं आधी. तोही सहज झाला नाही, मुंबईतल्या स्त्री संघटनांनी आणि डॉक्टर कार्यकर्त्यांनी लावून धरला म्हणून झाला. आणि केंद्राचा कायदा कागदावरच राहतोय म्हणून २००० साली सुप्रीम कोर्टात गेले तेही पुण्या-मुंबईच्याच संस्था, सेहत आणि मासूम, आणि त्यांच्यासोबत डॉ. साबू जॉर्ज. आज तुम्हाला जी कागदपत्रं जाचक वाटतात त्यातली बरीचशी त्या खटल्यानंतर आली.

म्हैसाळ आठवतंय? सांगली जिल्ह्यात, मिरज तालुक्यात, कर्नाटक सीमेवर. मार्च २०१७ मध्ये तिथे ओढ्याकाठी १९ भ्रूण पुरलेले सापडले. हॉस्पिटल चालवणारा डॉक्टर होमिओपॅथीचा. तपासाचे धागे सीमेपलीकडे कर्नाटकातही गेले. आणि २०२३ मध्ये कर्नाटकात मंड्याकडे तर चक्क गुऱ्हाळात मशीन ठेवून लिंगतपासणी चालायची, ते पोलिसांनी उघडकीला आणलं. ही दोन उदाहरणं मुद्दाम दिली, कारण दुधनीही सीमेवर आहे. सीमेवरच्या गावात "इकडे नको, तिकडे जाऊ" म्हणणारं गिऱ्हाईक येतं. तुमच्या दाराशीही येईल. ओळखीचं असेल, नात्यातलं असेल, आणि बोलेल असं की जणू साखर उसनी मागतंय. "नुसतं सांग की, पेढा का जिलेबी."

त्या क्षणी तुम्ही कोण आहात? तुम्ही डॉक्टर नसाल, प्रोब तुमच्या हातात नसेल, पण मालक आहात. कायद्याच्या २३ व्या कलमात डॉक्टरच्या बरोबरीने सेंटरचा मालक आणि तिथे काम करणारा माणूस, दोघांचाही उल्लेख आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, पुन्हा केला तर पाच वर्षं आणि पन्नास हजारांपर्यंत. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र, आणि आपसात मिटवता न येणारा. कंपनी काढून मागे राहीन म्हणाल तर कंपनीचा कारभार बघणारेही जबाबदार धरले जातात. शिवाय महाराष्ट्रात खबर देणाऱ्याला एक लाखाचं बक्षीस आहे. त्यामुळे "कुणाला कळणार आहे" हा हिशेबही करू नका.

भिंतीआड बसलेला कारकून

हा माझा आवडता भाग आहे, थोडा वेळ घेतो.

सोनोग्राफी सेंटरमध्ये सगळ्यात महागडी वस्तू कोणती? मशीन म्हणाल. मी म्हणतो, एफ फॉर्म. प्रत्येक गरोदर बाईच्या तपासणीसाठी हा फॉर्म भरावा लागतो. नाव, वय, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, पूर्ण पत्ता, फोन, आधीची मुलं किती आणि मुलगे-मुली किती, कुणी पाठवलं, चिठ्ठी आहे का, पाळीची शेवटची तारीख, कोणत्या कारणासाठी तपासणी. मग बाईची घोषणा की मला बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही. आणि डॉक्टरची घोषणा की मी ते बघितलं नाही, सांगितलं नाही. दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत मागच्या महिन्याचा अहवाल सक्षम प्राधिकाऱ्याकडे. कागदपत्रं किमान दोन वर्षं जपून ठेवायची, खटला चालू असेल तर तो संपेपर्यंत.

"एखादा रकाना राहिला तर काय होतंय?" असं वाटणारे भरपूर होते. स्त्रीरोगतज्ज्ञांची देशव्यापी संघटना फॉग्सी हेच म्हणणं घेऊन सुप्रीम कोर्टात गेली : लिहिण्यातल्या चुकीला गुन्हा समजू नका. ३ मे २०१९ रोजी कोर्टाने ते म्हणणं फेटाळलं. कोर्टाचा मुद्दा असा की हा फॉर्म हाच तर पुरावा आहे. तो नीट नसेल तर तपासणी कशासाठी झाली हे कळायला दुसरा मार्गच नाही. रेडिओलॉजिस्ट मंडळींनी याच कागदांच्या प्रश्नावर २०१६ मध्ये संपही केला होता. त्यांचं दुःख खोटं नाही. पत्त्यात घर नंबर नाही म्हणून कोर्टाच्या पायऱ्या चढणं कुणालाच नको असतं. पण मला कोर्टाचं पटतं. कोल्हापुरात जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख असताना एफ फॉर्म ऑनलाईन करायला लावले, मशीनला 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाची यंत्रणा बसवली. त्याविरुद्ध रेडिओलॉजिस्टांची संघटना मुंबई हायकोर्टात गेली आणि २०११ मध्ये कोर्टाने जिल्हाधिकाऱ्यांची बाजू उचलून धरली. मशीनच्या आत काय झालं हे बाहेरून दिसत नाही. बाहेर दिसतो तो कागदच.

आता यात तुमचं काम कुठे आहे ते बघा. हा फॉर्म डॉक्टर स्वतः सगळा भरत बसत नाही. बाहेर टेबलावरचा माणूस माहिती घेतो, डॉक्टर तपासून सही करतो. तो टेबलावरचा माणूस जर घाईत असेल, बारावी नापास पुतण्या असेल, किंवा पेशंटची भाषाच येत नसेल, तर डॉक्टरची सनद धोक्यात. दुधनीच्या मुलाला मी विचारलं, कन्नड येतं का? म्हणाला, "सर, घरात कन्नडच बोलतो की आम्ही." मी म्हटलं, तुझं खरं भांडवल हे आहे आणि तू त्याची किंमत शून्य धरलीस. आळंद तालुक्यातून आलेल्या बाईला घोषणा कन्नडमध्ये समजावून सांगणारा, मराठीत आणि इंग्रजीत बिनचूक फॉर्म भरणारा, कॉम्प्युटरवर वेळेत अपलोड करणारा माणूस. असा माणूस कुठल्याही रेडिओलॉजिस्टला हवाच असतो. 'येथे गर्भलिंग सांगितलं जात नाही' हा फलकसुद्धा इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेत लावायचा नियम आहे. दुधनीत स्थानिक भाषा म्हणजे मराठी, आणि माझ्या मते कन्नडही लावावीच.

बरं, डॉक्टर ठेवून मालक झालो तर?

होता येतं. मालक डॉक्टरच असला पाहिजे असं कायदा म्हणत नाही. म्हणून हिशेब करूया, आणि प्रामाणिकपणे करूया. खालचे आकडे माझे, उदाहरणापुरते. तुमच्या कोटेशनचे आकडे टाकून पुन्हा करा.

समजा मशीन, यूपीएस, एसी, फर्निचर मिळून बारा लाख कर्ज घेतलं. अकरा टक्के व्याज, पाच वर्षं. हप्ता येतो साधारण २६,१०० रुपये. गाळ्याचं भाडं ८,०००. टेबलावरचा माणूस १२,०००. वीज, मशीनचा देखभाल करार, इंटरनेट, किरकोळ मिळून ७,०००. झाले ५३,१००. एकही पेशंट आला नाही तरी हे जाणार.

आता एका तपासणीचे समजा ८०० घेतले. त्यातले निम्मे डॉक्टरचे. उरले ४००. जेल, प्रिंटचा कागद, फाईल यात ५० गेले. हातात ३५०. म्हणजे ५३,१०० भागायला महिन्याला १५२ तपासण्या पाहिजेत, आणि तुमचा स्वतःचा पगार अजून सुरूच झालेला नाही.

रेडिओलॉजिस्ट दुधनीत राहणार नाही. सोलापूरहून आठवड्यातून दोन दिवस येईल. महिन्याचे आठ दिवस. दिवसाला एकोणीस तपासण्या. एका तपासणीला पंधरा मिनिटं धरली तर पावणेपाच तास सलग काम. जमू शकतं. पण एका महिन्यात लग्नसराई, गाडी चुकली, डॉक्टरचं दुसरीकडे अर्जंट काम, असे दोन दिवस बुडाले तर उरलेल्या सहा दिवसांत रोज पंचवीसच्या वर. आणि तुम्हाला दुसरा डॉक्टर पटकन मिळणार नाही, कारण २०१२ च्या दुरुस्तीने एका डॉक्टरला एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोनच सेंटरला नाव नोंदवायची मर्यादा घातली. "आज आमचे डॉक्टर नाहीत, तुम्ही या" असं फोनवर होत नाही. डॉक्टर, जागा किंवा मशीन बदलायचं तर तीस दिवस आधी कळवून नोंद बदलून घ्यावी लागते. हप्ता मात्र तीस दिवस थांबत नाही.

थोडक्यात, तुमचा अख्खा धंदा एका माणसाच्या येण्यावर उभा आहे, आणि तो माणूस तुमचा नोकर नाही.

पुढचा प्रश्न, पेशंट येणार कुठून? सोनोग्राफीचं गिऱ्हाईक फलक बघून येत नाही, डॉक्टरच्या चिठ्ठीवर येतं. आणि मग कुणीतरी तुम्हाला बाजूला घेऊन म्हणेल, "चिठ्ठीमागे इतके टक्के द्यावे लागतात, सगळेच देतात." याला आपल्याकडे कट प्रॅक्टिस म्हणतात. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत असं कमिशन घेणं-देणं स्पष्ट मना आहे. २०१७ मध्ये राज्य सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून याविरुद्ध कायद्याचा मसुदाही करून घेतला होता. नीती बाजूला ठेवा, वरच्या हिशेबात बघा : त्या ३५० मधून शंभर-दीडशे गेले तर १५२ च्या जागी किती तपासण्या लागतील? दीडशे दिले तर २६६. हे पैसे भरून काढायला मग अनावश्यक तपासण्या लिहिल्या जातात. आणि त्या कुणाच्या खिशातून जातात? तूर विकून आलेल्या त्याच माणसाच्या.

शिवाय गरोदर बायकांना सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या नऊ तारखेला मोफत तपासणी असते, २०१६ पासून. चांगली योजना आहे, गरीब बाईने तिथेच जावं. तुमच्या हिशेबात ते गिऱ्हाईक धरू नका एवढंच.

नोंदणीचं थोडक्यात सांगतो, कारण हे सगळं वाचूनही काहीजण करणार, आणि नीट केलं तर हरकत नाही. स्वतंत्र सोनोग्राफी सेंटरची नोंदणी फी २५,००० रुपये, हॉस्पिटलसकट असेल तर ३५,०००. मुदत पाच वर्षं. नोंदणी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. चालू सेंटर विकत घेतलंत तरी नवा अर्ज. नोंदणी नसलेल्याला मशीन विकणं हाच गुन्हा आहे, त्यामुळे "ओळखीच्या बंद सेंटरचं सेकंडहँड मशीन आहे, आधी आणून ठेवू, कागद मागाहून बघू" हे डोक्यातून काढा. सील झालेल्या मशीनवरही बँक हप्ता घेतेच. महापालिकेबाहेरच्या भागासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात पीसीपीएनडीटीचं काम बघतात. दुधनी नगरपरिषदेत येतं, तेव्हा तिथेच आधी चौकशी. कोटेशन घ्यायच्या आधी.

मग त्या मुलाने करायचं काय?

मी त्याला तीन रस्ते सांगितले. तिन्ही सारखे नाहीत.

पहिला, आणि मला सगळ्यात पटणारा. इमेजिंगमध्येच करिअर करायचंय ना? मग पदवी घे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली पॅरामेडिकलचे पूर्ण वेळ अभ्यासक्रम आहेत, रेडिओग्राफीचे. एक्स-रे, सीटी, एमआरआय. ही मशीन टेक्नॉलॉजिस्ट खरोखर चालवतो, कायदेशीरपणे, स्वतःच्या हाताने. २०२१ मध्ये केंद्राने या सगळ्या पेशांसाठी वेगळा आयोग कायदाही केला, त्यात रेडिओलॉजी आणि इमेजिंगचा गट आहे. म्हणजे पुढे कागद आणखी लागणार, सर्टिफिकेट कोर्सवाले आणखी मागे पडणार. वर्षं जास्त जातात, मान्य. पण पंचाऐंशी हजारात जो कागद मिळतो त्याने प्रोब हातात येत नाही, एक्स-रेचं बटणही येत नाही.

दुसरा, धंद्याचा. दुधनीत सोनोग्राफीऐवजी डिजिटल एक्स-रेचा विचार कर, स्वतः शिकल्यावर किंवा पात्र टेक्नॉलॉजिस्ट ठेवून. इथे परवाना अणुऊर्जा नियामक मंडळाचा, ई-लोरा या पोर्टलवरून. मान्य मॉडेलचं मशीन, नियमात बसणारा खोलीचा आराखडा, शिशाचा एप्रन, किरणांचा डोस मोजणारा टीएलडी बॅज. हे करायचं म्हणजे करायचंच. पण फरक बघ : एक्स-रे काढायला डॉक्टर दारात हजर लागत नाही. चित्र काढून सोलापुरात किंवा पुण्यात बसलेल्या रेडिओलॉजिस्टकडे पाठवता येतं, रिपोर्ट त्याच्या सहीने परत येतो. सोनोग्राफीत ते होत नाही, कारण निदान प्रोब फिरवतानाच होतं. हात कुठे थांबवायचा, कुठे तिरका करायचा, हे बघणाऱ्यानेच ठरवायचं असतं. नंतर पाठवलेल्या फोटोत ते नसतं. म्हणूनच तर एका डॉक्टरवर अडकण्याचा धोका एक्स-रेमध्ये कमी आणि सोनोग्राफीत जास्त.

तिसरा रस्ता लहान आहे, पण उद्यापासून चालू होतो. सोलापुरात एखाद्या चांगल्या इमेजिंग सेंटरमध्ये टेबलावर नोकरी. एक वर्ष. पगार बेताचा असेल. पण एफ फॉर्म, नोंदणी, देखभाल करार, डॉक्टरांचा वेळ, पेशंटचा राग, सगळं दुसऱ्याच्या भांडवलावर शिकायला मिळतं. नंतर सेंटर टाकायचं की नाही हे तुला मला विचारावं लागणार नाही. (आणि हो, कन्नड येतं हे बायोडाटात पहिल्या ओळीत लिही.)

ज्यांना खरोखर प्रोबच हातात धरायचाय, आणि वय अठरा आहे, त्यांच्यासाठी सरळ रस्ता असा : नीट, एमबीबीएसची साडेचार वर्षं, एक वर्ष इंटर्नशिप, मग पुन्हा प्रवेश परीक्षा आणि रेडिओलॉजीत एम.डी.ची तीन वर्षं. लांब आहे. दुधनीची एखादी मुलगी हे करून परत तिथेच दवाखाना टाकेल तर माझे वरचे सगळे हिशेब बदलतील, कारण मालक आणि डॉक्टर एकच माणूस असेल, आणि ती रोज तिथे असेल.

कायद्यामुळे दुधनीच्या बाईला गाडी पकडून सोलापूर गाठावं लागतं, हे मला मान्य आहे. कडकपणाची किंमत लहान गावं मोजतात, शहरं मोजत नाहीत. ते बदलायचं तर तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात मशीनही हवं आणि ते चालवणारा डॉक्टरही रोज हवा. ते मागणं आपलं नागरिक म्हणून काम आहे. ती उणीव अपात्र हाताने भरून काढणं हा उद्योग होऊ शकत नाही.

परवा त्या मुलाचा पुन्हा फोन आला. म्हणाला, "सर, संस्थेतून सारखे फोन येतायत. शुक्रवारपर्यंत भरले तर दहा हजार सूट देतो म्हणतात."

मी म्हटलं, त्यांना एकच विचार. हा कोर्स केल्यावर मी महाराष्ट्रात स्वतः सोनोग्राफी करू शकतो का, हे तुमच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी लिहून द्याल का?

शुक्रवार होऊन गेला. सूट अजून चालू आहे म्हणे. लेटरहेड आलेलं नाही.